विद्यापीठाचे दार : राष्ट्राचा अधिकार व संघाचा कायदा



विद्यापीठात प्रवेश कोणास द्यावा व फी किती घ्यावी, हे ज्या त्या राष्ट्राने ठरवावयाचे असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. युरोपातही ती होती. १९५७ साली सहा राष्ट्रांनी रोम येथे आर्थिक समाजाचा करार केला, त्यात विद्यापीठांविषयी धोरण असे नव्हतेच. व्यावसायिक शिक्षणाचा मात्र त्रोटक उल्लेख होता, आणि पुढील सारा इतिहास त्या दोन शब्दांनी घडविला.

बेल्जियममधील लिएज येथील कलाशाळेत एक फ्रेंच विद्यार्थिनी चित्रकथा काढण्याचे शिक्षण घेत होती. बेल्जियन विद्यार्थ्यांस माफ असलेली २४,६२२ फ्रँकांची वार्षिक फी तिच्याकडे परकीय म्हणून मागण्यात आली. तिने दाद मागितली. १३ फेब्रुवारी १९८५ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की विशिष्ट व्यवसायाची तयारी करून देणारे शिक्षण हे व्यावसायिक शिक्षणच होय. त्याच्या प्रवेशात राष्ट्रीयत्वावरून भेद करता येणार नाही. १९८८ साली पशुवैद्यकाच्या प्रकरणात बहुतेक सर्व विद्यापीठीय शिक्षण या व्याख्येत आले. चित्रकथेच्या वर्गातून विद्यापीठाचे दार उघडावे, हा योग मोठा गमतीचा खरा!

राष्ट्रे सावध झाली. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात त्यांनी अभ्यासक्रम व शिक्षणव्यवस्था स्पष्टपणे आपल्या हाती राखली. नवल असे, की १९९९ साली बोलोन्या येथे २९ राष्ट्रांच्या मंत्र्यांनी, कायद्याचे कसलेही बंधन नसता, पदव्यांची रचना परस्परांशी जुळविण्याचे आपखुशीने मान्य केले.

परंतु खरी कसोटी लागली ती ऑस्ट्रियात. जर्मनीत वैद्यकाच्या जागा मोजक्या. सीमेपलीकडे भाषा तीच. स्वदेशात प्रवेशास पात्र असल्याचा पुरावा परदेशी शालान्त प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्यांनी द्यावा, असा ऑस्ट्रियाचा नियम होता. ७ जुलै २००५ रोजी न्यायालयाने तो करारबाह्य ठरविला, आणि जर्मन विद्यार्थ्यांची रीघ लागली. शिकून ते परतले, तर ऑस्ट्रियातील रुग्णांस डॉक्टर कोठून मिळावयाचे? ही चिंता अवास्तव म्हणता येणार नाही. कारण दार उघडण्याची आज्ञा संघाची असली, तरी खर्च ऑस्ट्रियाच्या खजिन्यातूनच होत होता. २००६ साली तेथील सरकारने वैद्यकाच्या ७५ टक्के जागा ऑस्ट्रियन शालान्त प्रमाणपत्र असलेल्यांसाठी, २० टक्के संघातील इतरांसाठी व ५ टक्के बाहेरच्यांसाठी राखल्या. त्यावर युरोपीय आयोगाने हरकत घेतली. वर्षानुवर्षे आकडेवारी तपासली गेली. अखेर २०१७ साली वैद्यकापुरती ही व्यवस्था आयोगाने मान्य केली. दंतवैद्यकातील राखीव जागा मात्र ऑस्ट्रियास सोडून द्याव्या लागल्या.