शिरखुर्म्यानंतरची भाकरी

सणाला काय खावं यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. सण संपल्यावर काय खावं यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. फार तर कुठेतरी 'आठ दिवसांत वजन घटवा' असा तक्ता छापून येतो आणि त्यातल्या निम्म्या भाज्या आपल्या मंडईत मिळत नाहीत. मला आज बोलायचं आहे ते ईदनंतरच्या आठवड्याबद्दल. दिवाळीनंतरच्या आठवड्यालाही ते लागू पडेल, कारण चिवड्याचा डबा आणि शेवयांचं पातेलं यांचा स्वभाव सारखाच. दोन्ही लवकर संपत नाहीत.

रमजान म्हणजे उपाशी राहण्याचा महिना, अशी बाहेरून पाहणाऱ्याची समजूत असते. घरातून पाहिलं, तर तो जेवणाच्या वेळा उलट्या होण्याचा महिना आहे. पहाटे सहेरी, सूर्यास्ताला इफ्तार, तरावीहची नमाज झाल्यावर पुन्हा थोडं काहीतरी. एकोणतीस किंवा तीस दिवस दुपार रिकामी जाते आणि पोट त्याची सवय करून घेतं. मग चंद्र दिसतो. ईदच्या दिवशी रोजा ठेवायला मनाई आहे. नमाजाला निघण्याआधीच तोंड गोड करायचं असतं. महिनाभर दिवसा रिकाम्या राहिलेल्या पोटात सकाळी सातपासून शिरखुर्मा जायला लागतो, तो रात्रीपर्यंत.

शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. दोन्ही शब्द फारसी. आटवलेलं दूध, रात्रभर भिजवून चिरलेली खारीक, चारोळी, बदाम, पिस्ते, खोबऱ्याचे काप, तुपात परतलेल्या बारीक शेवया. यात वाईट काय आहे? एका वाटीत काहीच नाही. प्रश्न वाट्यांच्या संख्येचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या एक दशांशाहून कमी असावी. साधारण दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे दिवसाला पन्नास ग्रॅम पडतं. चहाचा चमचाभर साखर म्हणजे चार-पाच ग्रॅम. वाटीत तीन चमचे धरले, तर चौथ्या घरी हा हिशेब संपतो. आणि ईदला चार घरी जाऊन कुणी परत येत नाही.

आमच्या गल्लीत एक चाची आहेत. वय सत्तरीच्या पुढे, साखरेची गोळी चालू. ईदच्या भेटीगाठी त्या चुकवत नाहीत. पहिल्या घरी त्यांनी वाटी नको म्हटलं, तर घरातली सून हिरमुसली. "अमा चाची, जरा तो चख लेव!" मग दुसऱ्या घरी त्यांनी दोन चमचे घेतले. तिसऱ्या घरी घेतले, म्हणून चौथ्या घरी नाकारता येईना. एका घरी मात्र नव्या नवरीने काही न विचारता पुढ्यात ताकाचा पेला, काकडीच्या फोडी आणि खारे पिस्ते ठेवले. चाची तिथे तासभर बसल्या. बाकी घरांतून दहा मिनिटांत उठल्या होत्या. मला वाटतं, पाहुण्याला नाही म्हणायची वेळ न आणणं हाही मेहमाननवाजीचाच भाग आहे, आणि तो आपल्याकडे कुणी शिकवत नाही.

हे केवळ चाचींपुरतं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेल्यांचा अंदाज दहा कोटींहून जास्त आहे. म्हणजे सणाच्या प्रत्येक बैठकीत एखादा तरी माणूस असा असणारच. रमजानमध्ये अनेकजण डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा सहेरी-इफ्तारला जुळवून घेतात. ईद झाली की जेवणाच्या वेळा पुन्हा बदलतात. मग गोळ्यांच्या वेळांचं काय, हे त्याच डॉक्टरांना विचारायला हवं. उपास सुरू होताना काळजी घेणारे लोक तो संपताना निर्धास्त होतात.

आता थोडं वेगळं. सणाचं जेवण मुळात घरात ठेवण्यासाठी नव्हतंच. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरल्या मापाचं धान्य किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची, तिला फितरा म्हणतात. बकरी ईदच्या कुर्बानीचे तीन वाटे करावेत असं सांगितलं आहे. एक घराला, एक नातलग-स्नेह्यांना, एक गरजूंना. दिवाळीच्या फराळाची ताटं रुमाल झाकून गल्लीभर फिरायची, आमच्याकडेही यायची आणि शेवयांनी भरून परत जायची. फ्रीज आला आणि हे गणित बदललं. फ्रीजरमध्ये महिनाभराचं मटण मावतं, म्हणून ते ठेवलं जातं. ठेवलं म्हणून खाल्लं जातं. उरलेलं कोण संपवतं, तेही बघा. पुरुष कामावर जातात, मुलं शाळेत. दुपारी एकटी बसून 'टाकवत नाही' म्हणत कालची बिर्याणी आणि परवाच्या शेवया संपवते ती घरातली बाई. तिच्या वाढलेल्या वजनाला मग सगळे हसतात.

म्हणून परतीची पहिली पायरी मला पोटाची वाटत नाही, पातेल्याची वाटते. दुसऱ्याच दिवशी उरलेलं ताजं असताना वाटून मोकळं व्हावं. मग भाकरी.

आम्ही सोलापूरकडचे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. तरीही अभिमानापोटी खोटं बोलू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते पाहिले, तर शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू आहेत आणि कोंड्यासकट दळलेल्या कणकेत त्याहून किंचित जास्तच. खरा फरक मैद्याशी आहे. त्यात तीन ग्रॅमही नाहीत. आणि सणाच्या आठवड्यात आपण काय खातो? नान, शंकरपाळी, करंजी, केक, बाजारच्या बारीक शेवया. सगळा मैद्याचा परिवार. तेव्हा ज्याच्या घरी पोळी असेल त्याने पोळी खावी. भाकरीच हवी असा हट्ट नाही.

याच संस्थेने २०२४ मध्ये दिवसाच्या आहाराचं माप दिलं. दोन हजार कॅलरींच्या जेवणात धान्य अडीचशे ग्रॅम आणि भाज्या चारशे ग्रॅम, कच्च्या वजनाच्या. पुन्हा ऐका, भाजी धान्याहून जास्त! आमच्याकडे चौघांत मिळून पाव किलो भाजी होते आणि तीही तेलात पोहत असते. मराठी कवितेत भाकरीला मोठा मान आहे, मी स्वतः तिच्यावर चार कविता लिहिल्या आहेत, पण शेपूवर लिहिलेली कविता माझ्या वाचनात नाही. ताटातही तेच झालंय. डाळ-भाजीला आपण आजाऱ्याचं खाणं ठरवून टाकलं. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या, खट्टी डाळ आणि भात, वर कांदा, काकडी, ताक. हे औषध म्हणून वाढलं तर मुलं नाक मुरडणारच. लसणाची खमंग फोडणी देऊन, सगळ्यांनी एकत्र बसून खाल्लं, तर तेही जेवणच असतं.

कुणी म्हणतात, ईदनंतर दोन दिवस काहीच खाऊ नये. शव्वाल महिन्यातले सहा ऐच्छिक रोजे अनेकजण ठेवतात, पण ते श्रद्धेने ठेवायचे असतात, बिर्याणीची भरपाई म्हणून नव्हे. हदीसमध्ये पोटाचे तीन भाग सांगितले आहेत. अन्नाला एक, पाण्याला एक, श्वासाला एक. चरकसंहितेत तर एका अध्यायाचं नावच 'त्रिविधकुक्षीय' आहे आणि त्यातही पोटाच्या तीनच वाटण्या आहेत. दोन्हीकडे तिसरा भाग रिकामा. पण पोट अख्खंच रिकामं ठेवा, असं त्या दोन्ही जागी नाही.

आमच्या भाजीवालीला हे सगळं न वाचता कळतं. ईदनंतर तीन-चार दिवस आमच्या मोहल्ल्यात ती पालेभाजीची टोपली अर्धीच आणते. पाचव्या दिवशी पूर्ण भरून येते आणि दारातूनच विचारते, "काय भाभी, संपल्या का शेवया?"