परग्रहावरचा शत्रू आणि पाच मुली



वसंत व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मय ऐकता, अर्थकारण ऐकता, प्रवासवर्णने ऐकता. कामगार संघटनेतला माणूस शाळकरी मुलींच्या जपानी चित्रकथांवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून पुष्कळांच्या भुवया चढल्या असतील. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले. वाचनालयात, सभेत आणि कारखान्याच्या फाटकावर जास्त झाले. तेथे एक गोष्ट कळली. अन्यायापुढे माणूस मान ताठ ठेवील की खाली घालील, हे पुष्कळदा त्याने लहानपणी ऐकलेल्या गोष्टींवर ठरते. म्हणून कामगाराची मुलगी काय वाचते, हा प्रश्न आम्ही पगाराच्या प्रश्नाइतकाच आपला मानतो.

जपानात चित्रकथेला मंगा म्हणतात आणि मुलींसाठी तेथे स्वतंत्र मासिके निघतात. ओसामु तेझुका यांनी १९५३ मध्ये हाती तलवार घेणारी राजकन्या रंगवली. १९६६ मध्ये मित्सुतेरु योकोयामा यांनी सॅली नावाची जादूगार मुलगी आणली. १९९१ च्या अखेरीस नाओको ताकेउची या लेखिकेची ‘सेलर मून’ सुरू झाली आणि जादूच्या मुलींचा एक संघच उभा राहिला. आपल्याकडे १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ आला, १९६७ पासून अनंत पै यांची अमर चित्र कथा आली. त्यांत झाशीची राणी होती, नाही असे नाही. पण राणी होण्यासाठी राजवाडा लागतो. दप्तर घेऊन शाळेत जाणारी साधी मुलगी लढायला निघाली, अशी चित्रकथा आपल्या मुलींच्या हाती क्वचितच पडली.

आज आम्ही ज्या कथेविषयी बोलणार आहोत तिचे नाव ‘टोक्यो म्यू म्यू’. लेखन रेइको योशिदा यांचे, चित्रे मिया इकुमी यांची. २००० ते २००३ या काळात ती ‘नाकायोशी’ मासिकात क्रमशः आली आणि पुढे तिचे सात भाग झाले. चित्रकर्त्या इकुमी २०२२ मध्ये वारल्या. आम्हांला जपानी येत नाही. इंग्रजी भाषांतर कोश उशाशी घेऊन वाचले.

कथा अशी. नष्ट होत चाललेल्या प्राण्यांचे प्रदर्शन भरले आहे. तेथे भूकंपाचा धक्का बसतो, एक झोत सुटतो आणि पाच मुलींच्या अंगी पाच प्राण्यांचे बळ येते. इचिगोला इरिओमोते बेटावरच्या रानमांजराचे, मिंटला निळ्या पोपटाचे, लेटसला शिंशुकाचे, पुडिंगला ब्राझीलच्या सोनेरी माकडाचे आणि झाकुरोला करड्या लांडग्याचे. परग्रहावरून आलेले शत्रू साध्या प्राण्यांच्या अंगात परजीवी सोडतात आणि त्यांचे राक्षस करतात. या मुली त्यांच्याशी लढतात. पण प्राण्याला त्या मारीत नाहीत. त्यांच्या घावाने परजीवी बाहेर पडतो आणि प्राणी पुन्हा पहिल्यासारखा होतो.

संघटनेच्या माणसाला यात पुष्कळ ओळखीचे भेटते. या पाचजणी एका उपाहारगृहात कामाला असतात. श्रीमंत घरची मिंट खुर्चीवर बसून चहा पिते आणि इचिगो टेबले पुसते! पुडिंगला आई नाही, बाप दूर. धाकट्या भावंडांचा भार त्या पोरीवर. लेटसला शाळेतल्या मुली छळतात. म्हणजे पाचजणी पाच थरांतल्या. एकीचे दुसरीशी पटत नाही, तरी संकट आले की एक हाक पुरते. सभासदांची यादी म्हणजे संघटना नव्हे, हे आम्हांला समजायला दहा वर्षे लागली. त्या मासिकाच्या बालवाचकांना ते दोन-चार अंकांत समजले असेल.

दोषही सांगितले पाहिजेत. हे बळ मुलींना देताना त्यांना कोणी विचारले नाही. योजना एका बुद्धिमान तरुणाची आणि जोखीम मुलींची. कोणत्याही कारखान्यात आम्ही हे चालू दिले नसते. शिवाय अशा कथांच्या मागोमाग खेळणी, बाहुल्या आणि शोभेच्या वस्तूंचा बाजार येतो. मुलीचे शौर्य तिच्या झग्याच्या झालरीवर मोजले जाऊ लागते. ही टीका खरी आहे आणि ती करीतच कथा वाचावी.

पण कथेचा खरा कस शत्रूच्या चित्रणात लागतो. हे परके मूळचे परके नाहीत. त्यांचे पूर्वज याच पृथ्वीवर राहत होते. आपत्तींमुळे त्यांना घर सोडावे लागले आणि दूरच्या उजाड जगात पिढ्या काढाव्या लागल्या. परत येऊन पाहतात तो त्यांच्या भूमीवर दुसरेच नांदत आहेत आणि तिची नासाडी करीत आहेत. त्यांचा मार्ग चुकीचा आहे, त्यांची तक्रार मात्र खोटी नाही. म्हणून लढाई संपते तेव्हा त्यांचे जग पुन्हा फुलावे एवढी शक्ती त्यांच्या हाती देऊन त्यांना निरोप दिला जातो. आमच्या भाषेत याला तडजोड म्हणतात, आणि चांगली तडजोड हाच संपाचा खरा विजय असतो.

नंदुरबारच्या श्रोत्यांना हे परके वाटू नये. परकी सत्ता काय असते, हे या गावाने ९ सप्टेंबर १९४२ रोजी पाहिले. शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात पडले. मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली गेली तेव्हा तो पुढे झाला, असे आपण अभिमानाने सांगतो, सांगितलेच पाहिजे. पण बंदुकीसमोर झेंडा धरून चालणाऱ्या त्या मुलीही लढतच होत्या. आपल्या गोष्टीत त्या वाचवल्या जाणाऱ्या म्हणूनच का उरल्या? त्यांची नावे या सभागृहातल्या किती जणांना सांगता येतील?

आणखी जवळचे उदाहरण शहाद्याचे. तेव्हा आपला जिल्हा वेगळा नव्हता. तो १ जुलै १९९८ ला झाला. गेलेल्या जमिनी आणि सालदारीची पिळवणूक यांविरुद्ध अंबरसिंग सुरतवंती यांनी आदिवासींना जागे केले आणि १९७२ मध्ये तेथे श्रमिक संघटना उभी राहिली. त्या चळवळीत भिल्ल बाया गावोगाव निघाल्या. त्यांनी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला आणि माफी मागायला लावली. त्यांच्यापाशी जादूची कांडी नव्हती. पण माणसाच्या अंगात शिरलेले विष बाहेर काढायचे आणि माणूस घराला परत द्यायचा, हे काम त्यांनी त्या चित्रकथेच्या जवळजवळ तीस वर्षे आधी केले. आणि ज्यांना तालुक्यातले प्रतिष्ठित लोक उपरे समजत होते, तेच या मातीचे जुने धनी होते, हेही तेव्हा अनेकांना प्रथमच ऐकावे लागले.

जपानी मुलीला तिची लढाई चित्रांत मिळाली. आपल्या मुलीच्या आजीने ती प्रत्यक्ष केली, पण नातीला ती कोणी रंगवून दिली नाही. आमची मागणी, आणि मागणी केल्याशिवाय आम्हांला खाली बसता येत नाही, एवढीच आहे. वाचनालयाने बालविभागात चित्रकथांसाठी एक फळी राखावी, जपानीही ठेवाव्यात. मुलगी त्या वाचताना दिसली तर हातातून ओढून घेऊ नयेत. तिच्याशेजारी बसून, शत्रू कोण आणि तो असा का झाला, हे तिला विचारावे. आणि या गावात चित्रकला शिकवणारे शिक्षक आहेत, लिहिणारे आहेत. त्यांनी शहाद्याच्या त्या बायांची आणि बेचाळीसच्या त्या मुलींची चित्रकथा मराठीत काढावी. अंगणात खेळताना मुलींना ‘मी राणी होते’ म्हणावेसे वाटते, तसे ‘आपण पाचजणी होऊ’ असेही वाटले पाहिजे.