किनारा झाडायचा आणि मोजायचाही

दक्षिण प्रशांत महासागरातल्या हेंडरसन बेटावर माणसांची वस्ती नाही. तरीही 2015 मध्ये तिथले किनारे तपासून संशोधकांनी जो अंदाज काढला, तो सुमारे 3 कोटी 77 लाख प्लास्टिकच्या तुकड्यांचा होता, आणि त्यातले बहुतेक वाळूखाली दडलेले होते. म्हणजे डोळ्यांना दिसेल तेवढं उचलून भागत नाही, मोजावंही लागतं. 1986 पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहिमेत स्वयंसेवक हेच करतात. उचललेली वस्तू बाटलीचं झाकण आहे की दोरीचा तुकडा, याची प्रकारवार नोंद ठेवतात. हौशी माणसांच्या मोजणीवर भरवसा कसा ठेवायचा, हा आक्षेप रास्तच आहे. पण दर वेळी तोच 100 मीटरचा पट्टा घेतला, अडीच सेंटिमीटरहून मोठीच वस्तू धरली, तर एखाददुसरी चूक होऊनही वाढ-घट कळते.

समुद्र इतका लांब, ग्वाल्हेरला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. पण आपल्या स्वर्णरेखा नदीचं पाणी सिंध, यमुना, गंगा असं करत बंगालच्या उपसागरालाच मिळतं. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आहे. चिप्सची पाकिटं मात्र बंदीच्या यादीत नाहीत. यांपैकी नदीकाठावर जास्त काय सापडतं, हे नगर निगमाला ठामपणे सांगायचं तर हातात आकडे हवेत. पावसाळ्याआधी आणि पूर ओसरल्यावर, पुलाजवळचा एकच ठरलेला पट्टा कॉलेजच्या मुलांनी मोजला, तरी ते मिळू लागतील.