डोंगराच्या पोटातले थर



विहीर खणताना आपण काय म्हणतो? "अजून चार हात खाली जाऊ. मत्स्योदरी मातेच्या कृपेने पाणी लागेल." देवीची कृपा तर हवीच. पण खालचा दगडही ओळखता आला पाहिजे. हा दगड रेल्वेने कसा उघडा केला, ती हकिकत आज सांगतो.

मुंबईहून पुण्याला जाताना बोरघाट लागतो. तिथे १८५६ साली रेल्वेचे काम सुरू झाले. २५ बोगदे खणायचे होते. सुरुंग लावून डोंगर फोडला. हजारो मजूर राबले. पटकीने आणि अपघाताने कितीतरी दगावले. १८६३ साली गाडी घाट चढली.

डोंगर कापला, तसे त्याचे पोट दिसले. खाली काळा कातळ. त्यावर भोकाभोकांचा मांजऱ्या दगड. मग विटेसारखा लाल पट्टा. वर पुन्हा कातळ. जशी भाकरींची चवड! भोकांत चमकदार खडे निघाले. ते विलायतेच्या संग्रहालयांतही गेले.

हे झालं कसं? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला. तो पसरला आणि थिजला. आत वाफा अडकल्या, त्यांची भोके राहिली. पुढे पुष्कळ काळ गेला. वरच्या दगडाची माती झाली. तिच्यावर नवा रस आला. ती माती म्हणजेच लाल पट्टा. असे कितीदा तरी घडले.

तोच दगड आपल्या अंबडखालीही आहे. अखंड कातळात पाणी मुरत नाही. मुरूम, मांजऱ्या आणि भेगाळ दगड पाणी धरतात. लाल पट्ट्यातून पाणी सहज खाली जात नाही.

आम्हांला तरुणपणी हे ठाऊक नव्हते. आम्ही तीन उन्हाळे कातळात सुरुंग लावले. बैलजोडी विकली. विहीर कोरडीच राहिली. शेजारची विहीर उथळ, पण तिला मांजऱ्या लागला होता. तिथे मोट चालायची अन् आम्ही बघत बसायचो.

तेव्हा मंडळी, कर्ज काढण्याआधी आसपासच्या विहिरींत डोकावून बघा. कोणता थर किती हातांवर आहे, पाणी कुठून पाझरते, ते वहीत टिपा. भूजल सर्वेक्षणाच्या माणसांना ती वही दाखवा, त्यांचा सल्ला घ्या. मगच पहार उचला.

आता तुम्हांला लिहिता येतं. पहिली नोंद आपल्याच विहिरीची करा.