जबड्याचं दुखणं आणि आपण

मैत्रिणींनो, दोन वर्षं मी कानात थेंब घालत होते. दुखत होता कानापुढचा जबड्याचा सांधा. एक चांगली दाढही काढून झाली, दुखणं तसंच.

हे दुखणं बायकांमध्ये जास्त, विशेषतः २० ते ४० या वयात. तरी ऐकायला काय मिळतं? 'टेन्शन घेऊ नका.' ताणाने दात आवळले जातात, खरंच. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

ओठ मिटलेले, दात सुटे ठेवायचे. मऊ जेवण, गरम शेक, जांभई देताना हनुवटीला हात. बहुतेकींना हळूहळू आराम पडतो. दात झिजवून किंवा काढून घ्यायची घाई नको. तोंडात तीन बोटं एकावर एक मावत नसतील, तर मात्र डॉक्टरांकडे जाच.

आणि केंद्रावर अशी बाई आली की मी तिला एकटीला गाठून विचारते: मार लागला होता का?