अन्नाची पेढी



पेढी म्हटली की आपल्याला पैसा आठवतो. शिल्लक असेल तो ठेवतो, नड असेल तो नेतो. तशी अन्नाचीही पेढी असते. तिथे नेलेले परत फेडावे लागत नाही, एवढाच फरक.

अशी पहिली पेढी अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी काढली. दुकानदार चांगले अन्न टाकून देतात, ते जमा करायला एक जागा हवी, हे त्यांना एका गरीब बाईने सुचवले, असे सांगतात. बघा, सुचले कोणाला? जिच्या घरात भूक होती तिला!

आपल्याकडे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डिसेंबर २०१५ मध्ये रोटी बँक निघाली. सभासदांनी घरच्या ताज्या पोळ्या आणि भाजी आणून द्यायची, अशी तिची रीत. त्याच महिन्यात मुंबईच्या डबेवाल्यांनीही रोटी बँक सुरू केली. लग्नाघरी उरलेले अन्न उचलायचे आणि भुकेल्याला पोचवायचे. वेळेवर पोचवण्यात डबेवाल्यांचा हात कोण धरणार?

आणि या कामात वेळच मोठी आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीची लग्नकार्यालये डोळ्यांपुढे आणा. यजमान पाचशे पानांची वर्दी देतो. येतात चारशे. शंभर पाने उरतात. तिकडे मुरबाड-शहापूरकडचा गडी कल्याणच्या नाक्यावर सकाळपासून उभा. काम मिळाले नाही, तर पोटात काही नाही. दोघांत अंतर मैलभराचे. पण आचाऱ्याने भात शिजवला सकाळी दहाला, आणि यजमानाला आठवण झाली संध्याकाळी सहाला! तो भात कोणाला द्यायचा?

म्हणून जाणता कार्यकर्ता ‘किती उरले?’ हे मागून विचारतो. आधी विचारतो, ‘कधी शिजले?’ शिजलेले अन्न कोमट राहिले की त्यात जंतू वाढतात. उन्हाळ्यात तर फार लवकर. पुन्हा उकळले की झाले, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. भातात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष उकळूनही जात नाही. गरिबाला वास आलेले अन्न देणे हे दान नव्हे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. पानातले उष्टे तर नकोच. पातेल्यातले, हात न लागलेले तेवढेच घ्यायचे.

सरकारनेही २०१९ साली उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम केले. अन्न कोणाकडून आले, कोणाला दिले, हे वहीत लिहावे लागते. आता तुम्हीही लिहू शकता, तेव्हा हे काम तुमच्याही हातचे आहे.

गावात लग्न असले तरी हेच करा. पंगत बसण्याआधीच निरोप धाडा. उरेलसे वाटते ते वेगळ्या पातेल्यात काढा, झाकण घाला, चुलीवर चटका बसेल इतके गरम ठेवा. शेवटची पंगत उठेपर्यंत न्यायला माणूस दारात आलेला असतो.