पळस हुंगताना

माझ्या पहिल्या संग्रहात पळसावर एक कविता आहे. तिच्यात मी पळसाचा गंध चांगला गावभर पसरवून ठेवला आहे. बरीच वर्षं कुणी हटकलं नाही. मग गेल्या वर्षी एका काव्यवाचनानंतर वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक जवळ आले आणि हळूच म्हणाले, ''कविराज, पळसाचं फूल कधी हुंगलंत का हो?''

हुंगलं नव्हतं. खरं सांगायचं तर जवळून पाहिलंही नव्हतं. आम्ही उमेळ्याचे. गच्चीवर उभं राहिलं की पूर्वेला, रेल्वेच्या पलीकडे तुंगारचा डोंगर दिसतो. तिथल्या जंगलाला 2003 साली अभयारण्य म्हणून जाहीर केलं, चांगलं 85 चौरस किलोमीटरचं. मी मात्र गच्चीवरच राहिलो.

यंदा फाल्गुनात सरांनीच मला बाहेर काढलं. नायगावहून रिक्षानं महामार्ग गाठला आणि चिंचोटीच्या धबधब्याची वाट धरली. चिंचोटी म्हटलं की लोकांना पावसाळा आठवतो. त्या दिवसांत तिथं झुंबड उडते. कुंडात बुडून कितीतरी तरुण पोरं गेली, म्हणून पोलीस पावसाळ्यात बंदी घालतात. फाल्गुनात वाटेवर आम्ही दोघंच होतो, आणि पायाखाली वाजणारा पाचोळा.

पहिलं फूल मी ऐकलं. धप्प असा आवाज झाला. वर पाहिलं तर पान नसलेली काटेसावर, लाल फुलांनी डवरलेली, वर साळुंक्यांची भांडणं चाललेली. ओढ्याच्या काठानं धायटी फुलली होती, पुढं उक्षीचे हिरवट-पांढरे झुपके. मग एका वळणावर जुईसारखा गोड वास आला. मी थांबून म्हटलं, ''हा बघा पळस!'' सर हसले. काट्यांच्या जाळीकडे बोट दाखवत म्हणाले, ''करवंद आहे ते.'' एवढीशी पांढरी चांदणी, पण वास केवढा!

पळस त्यानंतर भेटला. काळ्या मखमली देठांवर पोपटाच्या चोचीसारखी केशरी फुलं. खाली पडलेलं एक उचलून नाकाशी धरलं. काही नाही. दुसरं उचललं. मातीचाच वास. सर म्हणाले, ''पळसाकडे मध प्यायला येतात पाखरं. त्यांना रंगानं बोलवायचं असतं. गंध कशाला खर्च करील तो?'' संस्कृत सुभाषितकारांनी विद्येवाचून देखण्या माणसाला बिनवासाच्या पळसाची उपमा दिली आहे, हेही त्यांनी ऐकवलं. मी ते निमूट ऐकून घेतलं.

मग ते सहज बोलून गेले, ''हिंदीत यालाच ढाक म्हणतात.''

मी तिथंच उभा राहिलो. आमच्या घरात बोली उर्दू, अम्मीचं माहेर बऱ्हाणपूरचं. परीक्षेचा निकाल घेऊन आलो की ती कपाळाला हात लावायची, ''वही ढाक के तीन पात!'' आणि शाळेत गुरुजी तेच प्रगतिपुस्तक बघून म्हणायचे, ''कुठंही जा, पळसाला पानं तीनच.'' चाळीस-पंचेचाळीस वर्षं दोन्ही म्हणी मी तोंडात बाळगल्या. दोघं एकाच झाडाच्या नावानं मला बोलत होती, हे कळायला चिंचोटीच्या रानात यावं लागलं. अम्मीला सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती. तिला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

धबधबा म्हणाल तर कातळावरून उतरणारी पाण्याची बारीक धार होती. खालच्या कुंडातलं पाणी काळं, अगदी गप्प. आम्ही लांब बसूनच भाकरी खाल्ली.

घरी आल्यावर माझ्या प्रतीत त्या ओळीतला 'गंध' पेन्सिलीनं खोडला. दुसरा शब्द अजून सापडलेला नाही. म्हणीतली तीन पानंही पाहायची राहिलीच. फुलांच्या दिवसांत झाड उघडं असतं, पानं मागाहून येतात. ती मोजायला सरांबरोबर वैशाखात पुन्हा जायचं ठरलं आहे.